वस्तऱ्याला नवी मूठ

९ जानेवारी, शुक्रवार

ही वही माझी नाही, वासुदेवाची आहे. लग्न झाल्यापासून बघते आहे, एक जानेवारीला सकाळी तो नव्या वहीचं पहिलं पान लिहितो: थंडी किती, कोण येऊन गेलं, आदल्या दिवशीचा नारळ कसा निघाला. यंदा नऊ तारीख उजाडली तरी पानं कोरी. विचारलं तर म्हणतो, "लिहायला काय आहे?" लिहायला काही नाही ही अडचण त्याला सेहेचाळीस वर्षांत कधी आली नव्हती. चांगला कागद वाया जाताना मला बघवत नाही, म्हणून वही मी घेतली. तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते. वहीत वासुदेव म्हणणार. इथे ऐकायला सासूबाई नाहीत.

आणि लिहायला काही नाही कसं? आज सकाळीच न्हाणीघरात वस्तरा पडला. साधासुधा नव्हे. माझ्या सासऱ्यांचा, सत्यनारायण रावांचा, जर्मन पोलादाचा. काळ्या शिंगाची मूठ, आणि पातं तिच्यात चाकूसारखं मिटतं. सासरे गेल्यापासून वासुदेव रोज त्यानेच दाढी करतो. आधी चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून त्यावर पातं परजतो, सर्र-सर्र, सर्र-सर्र. त्या आवाजावर मी कॉफीचं दूध शेगडीवर ठेवते. घड्याळ बघावं लागत नाही. आज सर्र-सर्र झालं, दूध ठेवलं, आणि एकदम खट्ट. धावत गेले तर मुठीचे तुकडे फरशीवर, पातं कोपऱ्यात, आणि वासुदेव आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा. जसा काही तो हात शेजाऱ्यांचा होता.

"साबण होता," म्हणाला.

साबण गेली पन्नास वर्षं असतोच. याला धांदरटपणा म्हणतात. मी तसं म्हणाले. एरवी एकाला दोन ऐकवतो. आज अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. अर्ध्या चेहऱ्याचा माणूस समोर असताना इडली घशाखाली उतरत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, घेऊन गल्लीतल्या बायका आल्या आणि प्रत्येकीने वासुदेवाच्या वाढलेल्या दाढीकडे एक नजर टाकून मला बाजूला घेतलं. "तिरुपतीला काही बोललात का, अक्का?" मी म्हटलं, नवस नाही, आळस आहे.

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायला तयार नाही. दुकानातून प्लॅस्टिकचं रेझर आणून दिलं, ते वेष्टनासकट फळीवर. इस्त्रीचे बटणांचे शर्ट कपाटात लटकताहेत आणि हा दिवसभर डोक्यातून घालायच्या टी-शर्टांत. कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरून पितो. थंडी वाजते म्हणे. बंगळूरची थंडी! आणि कहर म्हणजे काल बाजारातून खोवलेला नारळ विकत आणला. पिशवीतला! माझ्या घरात नारळ खोवणं हे त्याचं काम, सासूबाईंच्या काळापासून. विळीवर बसला की करवंटी कागदासारखी पातळ करून सोडायचा. मी तासभर त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

माणूस ढिला पडायला लागला की दाढीपासून पडतो. शाळेत आमच्या सिस्टर अगाथा म्हणायच्या, आधी नखं, मग बूट, मग चारित्र्य. म्हणून मी ठरवलं आहे: वस्तऱ्याला नवी मूठ करायची. मग बघू कसा दाढी करत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

शिवाजीनगरला गेले होते. कात्र्या-वस्तरे दुरुस्त करणाऱ्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. शेवटी वेणुगोपालकडे गेले. आमच्या दारावरची पितळी पाटी त्याने तीस वर्षांपूर्वी हाताने कोरून दिली होती. आता छिन्नी भिंतीवर टांगून ठेवली आहे आणि दुकानात कपाटाएवढं एक यंत्र घरघरतं. शाळा-क्लबांच्या ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या कापतं.

"ड्रॉइंग कोडी, अक्का, माड्कोड्तीनी," म्हणाला. ड्रॉइंग द्या, करून देतो.

मी पर्समधून ड्रॉइंग काढलं. रात्री बसून पेन्सिलीने केलेलं, तिन्ही बाजूंनी दाखवलेलं, स्वच्छ. त्याने ते दोन्ही हातांत धरून बघितलं, अगदी देवाचा फोटो बघावा तसं, आणि परत दिलं. "फारच छान. पण मशीन कागद खात नाही, अक्का. कॉम्प्युटरवरचं पाहिजे."

कॉम्प्युटरवरचं! मला! मी सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात सोळा वर्षं नकाशे काढले. रेल्वेच्या डब्याखालचा एकेक बोल्ट माझ्या हाताखालून गेला आहे. मग चौऱ्याण्णव साली संगणक आले आणि आमच्या साहेबांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, हे तुम्हाला जमायचं नाही, उगाच त्रास कशाला?" तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. सदतीस! निवृत्तीपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये बसून लोकांना जुने कागद शोधून दिले.

घरी येऊन वासुदेवाला सांगितलं की मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकणार आणि मूठ करणार. तो एकदम म्हणाला, "राहू दे, श्यामला. नको. कशाला उगाच?"

त्याच साहेबाचे शब्द. माझ्या नवऱ्याच्या तोंडून. आता तर मी शिकणारच.

२० जानेवारी, मंगळवार

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी कस्तुरी नागपूरची आहे, वय चाळिशीचं, एका पंपांच्या कंपनीत यंत्रांचे भाग संगणकावर काढते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, म्हणजे दिवसभर फोनवर हिंदी बोलते. संध्याकाळी तिने आपला जुना लॅपटॉप खाली आणला.

"काकू, टेन्शन नका घेऊ, एकदम इझी आहे."

तिला म्हटलं, टेन्शन मी देते, घेत नाही.

इझी वगैरे काही नाही. उंदीर उजवीकडे सरकवला की बाण दुसऱ्याच गावाला जातो. पण एक गोष्ट बघून मी थक्क झाले. चूक झाली की दोन बटणं दाबायची आणि चूक झालीच नव्हती! आमच्या वेळी शाईचा थेंब पडला तर दाढीच्या अर्ध्या पात्याने तो कागदावरून खरवडावा लागे, श्वास धरून, आणि कागद फाटला तर आठवडा गेला. त्या पात्यांसाठी मला वेगळं पाकीट विकत घ्यावं लागायचं, कारण घरातला पुरुष वस्तरेवाला. मी कस्तुरीला म्हटलं, "ही सोय माणसांना चुकायला शिकवते." ती म्हणाली, "हो ना काकू, मस्त ना?"

२१ जानेवारी

एक सरळ रेघ. दोन तास.

२७ जानेवारी, मंगळवार

जमतं आहे! सरळ रेघेपेक्षा वळणं सोपी आहेत. रेघेवर ठिपके देत जायचं आणि एकेक ठिपका ओढून वळण बसवायचं. माझ्या लाकडी वळणपट्ट्यांपेक्षा गोड वळण येतं, हे मी वासुदेवासमोर कबूल करणार नाही. मुठीला मध्ये किंचित पोट आणि शेपटाकडे निमुळती, माशासारखी केली आहे. जुनीपेक्षा देखणी.

लांबी मोडक्या तुकड्यांवरून घेतली होती, एकशे अडतीस मिलिमीटर. आज पात्याला मापपट्टी लावून बघितली तर पातं मिटायला एकशे बावन्न लागतात. एक तुकडा त्या दिवशी मोरीतून वाहून गेला असणार. पण मी काही काल जन्मले नाही. तिथल्या तिथे आकडा बदलून ड्रॉइंग वेणुगोपालला पाठवून दिलं. आधी एक कच्ची मूठ कापायला सांगितली आहे.

वासुदेवाला बँकेतून चिठ्ठी आली, सही जुळत नाही, येऊन जा. मी म्हटलं, आळशी माणसाची सहीसुद्धा आळशी होते. पहाटे पहाटे पलंगावर बसून हात झटकत असतो, डास मारतो म्हणे. मला एकही डास चावत नाही. बहुधा मला घाबरतात.

२ फेब्रुवारी, सोमवार

माझा असा अपमान कॉन्व्हेंटमध्येसुद्धा झाला नव्हता.

वेणुगोपालने मूठ पुढे ठेवली. उरलेल्या ट्रॉफीच्या प्लॅस्टिकची, लालभडक. आकार सुरेख. मी पिशवीतून पातं काढून तिच्यात मिटवून बघितलं, तर पात्याचं टोक बोटभर बाहेर! वाढत्या पोराला गेल्या वर्षीची पँट घातल्यासारखं.

"मी एकशे बावन्न लिहिलं आहे," मी म्हटलं.

त्याने पट्टी लावली. एकशे अडतीस. "मशीनने जे होतं तेच कापलं, अक्का."

"तुमच्या मशीनला वाचता येत नाही का?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "वाचता मला येत होतं. मशीन आल्यापासून मी वाचायचं सोडलं."

मी त्याला बरंच काही ऐकवलं. कानडीत सुरुवात केली आणि इंग्रजीत शेवट केला. दुकानात बक्षिसाची ढाल न्यायला आलेले कबड्डीचे सर तोंड उघडं टाकून उभे राहिले. वेणुगोपाल फक्त "सरी, अक्का, सरी" म्हणत राहिला. बरं, अक्का, बरं.

घरी वासुदेवाला मूठ दाखवली. त्याने ती डाव्या हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचा भाव आला. "लहान झाली ना? जाऊ दे मग." बायकोच्या फजितीवर खूश होणारा नवरा मी पहिल्यांदाच बघितला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चूक माझी होती. लिहून टाकते, म्हणजे परत आठवायला नको.

कस्तुरीने ड्रॉइंग उघडलं, आकड्यावर बाण ठेवला आणि ओठ दाबून बसली. "काकू, हे डायमेन्शन नाहीये. तुम्ही जुनं पुसून तिथे नुसता टेक्स्ट टाइप केलाय. लाइन एकशे अडतीसचीच आहे. मशीन लाइन बघतं, आकडा नाही. आणि खाली ही अंडरलाइन कशाला केलीत?"

मी तिला सांगितलं. ड्रॉइंग ऑफिसात तयार नकाशावरचं एखादं माप बदललं तर सगळा नकाशा पुन्हा कोण काढणार? आकडा बदलायचा आणि त्याच्याखाली जाड रेघ मारायची. त्या रेघेचा अर्थ असा: चित्राकडे बघू नका, ते जुळत नाही, पण लिहिलं आहे ते खरं. खालच्या वर्कशॉपमधला प्रत्येक कारागीर ती रेघ ओळखायचा. सोळा वर्षांत त्या रेघेने मला एकदाही दगा दिला नाही.

"किती भारी," कस्तुरी म्हणाली. "पण काकू, ते समजायला समोर माणूस लागतो ना."

वर्तमानपत्रामागून खुसखुस ऐकू आली. वासुदेव हसत होता. महिन्याभरात पहिल्यांदा. मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण पाच मिनिटांनी.

४ फेब्रुवारी

वेणुगोपालला चिरोटे नेऊन दिले. माफी मागितली, ती मात्र फक्त कानडीत. तो म्हणाला, "अक्का, तीस वर्षांपूर्वी तुमच्या पाटीवर मी एक अक्षर चुकवलं होतं, तेव्हा तुम्ही याहून जास्त बोलला होता." आणि दोन चिरोटे एकदम तोंडात घातले.

७ फेब्रुवारी, शनिवार

कस्तुरी म्हणाली, लांबी दुरुस्त करतोच आहोत तर मूठ काकांच्या हातानुसारच बनवू, एकदम कस्टम. धरताना बोटं कुठे पडतात त्याचा ठसा घ्या. तिच्या कंपनीत त्याला खास माती असते. माझ्याकडे कणीक आहे.

पात्याच्या धारेला जुन्या मोज्याचं कापड घट्ट बांधलं, मागे ती लाल मूठ अडकवली, पात्याच्या मागच्या दांड्याला, म्हणजे वस्तऱ्याच्या मानेला, कणकेचा गोळा थापला आणि वासुदेवाच्या पुढ्यात धरला. "धरा. दाढी करताना धरता तसं." टाळाटाळ केली, चष्मा शोधला, पाणी प्यायला. शेवटी धरलं. वस्तऱ्याची पकड ठरलेली असते: तीन बोटं मानेवर, करंगळी मागच्या शेपटीवर, आणि सगळा भार खालून अंगठ्यावर.

"नीट दाबा," मी म्हटलं.

"दाबलं."

"अंगठा दाबा हो."

"दाबलाय, श्यामला."

कणीक सोडवून टेबलावर ठेवली. तीन बोटांचे खड्डे स्वच्छ, करंगळीचासुद्धा. अंगठ्याच्या जागी काही नाही. म्हणजे नखाचा ओरखडा आहे, पण दाब नाही. नवी कणीक घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी त्याच्या डाव्या हाताचाही ठसा घेतला. तिथे अंगठ्याचा खड्डा एवढा खोल की पलीकडचं पोलाद दिसलं.

दोन्ही गोळे समोर ठेवून मी त्यांचे छेद काढले, लॅपटॉपवर नाही, कागदावर, पेन्सिलीने. काढून झाल्यावर या वहीची मागची पानं उलटायला घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार

पेला दोन्ही हातांनी. बटणं. खोवलेला नारळ. बँकेतली सही. डास. ही वही.

सगळं माझ्याच अक्षरात वर लिहिलेलं आहे. मी नकाशे वाचून पोट भरलं, म्हणे.

सकाळी कॉफी देऊन त्याच्या समोर बसले आणि विचारलं, "कधीपासून?"

त्याने नाटक केलं नाही. "गणपतीपासून. आधी बोटांना मुंग्या. मग वस्तू सुटायला लागल्या." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "अप्पांच्या हातून हाच वस्तरा पडला होता. याच न्हाणीघरात. महिन्याभरात अंथरुणाला खिळले, अर्धं अंग गेलं. तुला आठवतंय ना, पाच वर्षं काढली त्यांनी तशी."

आठवतंय. त्यातली चार मी काढली.

"म्हणून डॉक्टरकडे गेला नाहीत?"

"गेलो असतो तर खरं झालं असतं."

एवढा शिकलेला माणूस! मी तोंड उघडलं होतं, पण त्याने हात वर केला, डावा. "आणि मुठीचं म्हणशील तर, तुला जमणार नाही असं मला कधीच वाटलं नाही. जमेल म्हणूनच घाबरलो. मूठ झाली असती तर मला ती धरावी लागली असती."

मी नारळ घेतला आणि विळीवर बसले. मला खोवता येत नाही. करवंटीचा भुगा सगळा चटणीत गेला. दोघांनीही दातांत कचकच करत खाल्ली.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर हेमावती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे बसतात, हाडांच्या आहेत, इंग्रजीत बोलतात, आणि फटकळ आहेत. मला आवडतात. त्यांनी वासुदेवाच्या मनगटावर बोटाने टकटक केलं आणि तो खुर्चीतून उडाला. वीज बोटांपर्यंत गेली म्हणाला.

"झोपेतून उठून हात झटकता का?"

वासुदेवाने मान हलवली.

"पण ते डास!" मी म्हटलं.

"कसले डास?" डॉक्टरांनी विचारलं. वासुदेवाने छताकडे बघितलं.

मी पर्समधून कणकेचे दोन्ही गोळे काढून टेबलावर ठेवले. दोन दिवसांत वाळून कडक झाले होते. डॉक्टरांनी ते उचलून बघितले, मग माझे छेद बघितले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एवढा स्पष्ट रिपोर्ट मला मोठ्या हॉस्पिटलांतून येत नाही."

मनगटातून अंगठ्याकडे आणि बोटांकडे जाणारी नस असते, ती एका घट्ट पट्ट्याखाली दाबली गेली आहे. तपासणी करून खात्री करतील, पण त्यांना शंका नाही. लहानसं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. "वडिलांचं दुखणं मेंदूचं होतं. हे मनगटाचं आहे. दोघांचा काही संबंध नाही."

"नाही?" वासुदेवाने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"राव सर, मी कानडीत सांगू का आता?"

खाली उतरलो आणि तो समोरच्या हॉटेलात शिरला. दोन मसाला डोसे खाल्ले. डाव्या हाताने, उघडउघड, सांबार टी-शर्टवर सांडत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

परवा ऑपरेशन झालं. मनगटाला एवढंसं बँडेज. परवा रात्री वासुदेव उठला नाही, काल उठला नाही. मीच जागी राहून त्याच्या हाताकडे बघत बसले, डास आले तर म्हणून.

आज हुकूम सोडतोय: दूध गरम नाही, बातम्या लावा, उशी वर करा. दाढीने आता गळा झाकायला घेतला आहे. कस्तुरी म्हणाली, "काका, ऋषी दिसताय." त्याने तिला आशीर्वाद दिला, भरपूर पगारवाढीचा.

मी नवी मूठ काढते आहे. लांबी एकशे बावन्न, रेघेतच. कस्तुरीने समोर बसून मोजायला लावली. खिळीजवळ, जिथे मूठ आणि पातं जोडलेलं असतं, तिथे जाडी वाढवली, म्हणजे अंगठ्याच्या बुडाला टेका मिळेल. शेपटाकडे वजन ठेवलं, म्हणजे पातं हातात तरंगेल. कणकेचे ठसे समोर, बाण हातात. अकरा वेळा पुसून काढलं. मागे जायच्या बटणाबद्दल मी जे वर लिहिलं आहे ते मागे घेते.

६ मार्च, शुक्रवार

लाकडाचा प्रश्न होता. बाजारात मिळतं ते एक तर कच्चं, नाही तर शोभेचं. काल कपाटावरून माझा टी-स्क्वेअर काढला. लांब पट्टी आणि तिला आडवा शिसवीचा माथा. सोळा वर्षं माझ्या डाव्या हाताखाली फिरून तो काळा गुळगुळीत झाला आहे. रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं त्या दिवशी मी तो पिशवीत घालून घरी आणला होता. चोरीच म्हणायची. सिस्टर अगाथांना मी वर गेल्यावर स्पष्टीकरण देईन.

वेणुगोपालने माथा हातात घेतला आणि विचारलं, "नक्की, अक्का?"

"इतकी वर्षं कपाटावर झोपला आहे. उठवा त्याला."

यंत्राने सात मिनिटांत कापलं. मग वेणुगोपालने यंत्र बंद केलं, भिंतीवरून आपली जुनी कानस काढली आणि कडा हाताने घासायला बसला. मी विचारलं, मशीनने होत नाही का? म्हणाला, "होतं. पण हे मला वाचता येतंय." पितळी खिळी त्यानेच ठोकल्या. पातं आत मिटलं ते आवाजसुद्धा न करता.

माथा नसलेली पट्टी मी परत घरी आणली. तीच एक सरळ गोष्ट राहिली आहे माझ्याकडे.

१५ मार्च, रविवार

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आधी फुग्यावर. फुग्याला साबण लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्याने तो उतरवायचा. सकाळी तीन फुगे फुटले. शेजारची मथुराबाई कुंपणावरून विचारायला आली, कोणाचा वाढदिवस? चौथा फुगा टिकला. वासुदेवाने तो लावला आहे देवघराच्या दाराला.

मूठ आवडली का म्हणून विचारलं तर म्हणतो, "जड आहे." थोड्या वेळाने: "बरी जड आहे."

१९ मार्च, गुरुवार

युगादी. दाराला आंब्याची पानं लावून, बेवू-बेल्लासाठी कडुनिंब कुटून गुळात मिसळत होते. लग्न झालं त्या वर्षी याच दिवशी सासऱ्यांनी मला पहिल्यांदा कडुनिंब दिला होता आणि मी तोंड वाकडं केलं होतं. एवढ्यात न्हाणीघरातून आलं: सर्र-सर्र. सर्र-सर्र.

सवयीने दूध ठेवलं. मग दाराशी जाऊन उभी राहिले. दार बंद नव्हतं, पण आत गेले नाही. आतल्या माणसाला वाटायला नको की कोणी राखण करतंय. पाण्याचा आवाज. मग काहीच नाही. मग मंद खरखर, थांबून थांबून. एकदा "अय्यो" आलं, आणि मी दाराची कडी धरली. पुन्हा खरखर. मग तो गुणगुणायला लागला, बेसूर, नेहमीसारखा.

बाहेर आला तेव्हा कोण पाहुणा आला असं वाटलं. हनुवटीखाली एक बारीक चीर, तिच्यावर तुरटी फिरवलेली. पांढरा शर्ट, आणि त्याची सगळी बटणं लावलेली, वरचंसुद्धा.

"कशी झाली?"

"डाव्या कानाखाली राहिली आहे," मी म्हटलं. राहिली होतीच.

"दूध जळतंय, श्यामला."

जळतच होतं. अर्धं उतू जाऊन शेगडीवर. भांडं घासून येते तो हा टेबलाशी बसलेला आणि ही वही त्याच्यापुढे. मी झडप घातली. म्हणाला, "वाचत नाहीये. माझी वही आहे, एक ओळ लिहायची आहे." मी मागची पानं दोन्ही हातांनी दाबून धरली आणि त्याने माझ्या बोटांच्या खाली, उजव्या हाताने, सावकाश लिहिलं:

दाढी केली. मूठ उत्तम. दूध उतू गेलं. वा. स. राव.

अक्षरं चढतात, उतरतात, एक तर समासात जाऊन पडलं आहे. ड्रॉइंग ऑफिसात असलं काम मी परत पाठवलं असतं. तो बेवू-बेल्ला खायला उठला, तेव्हा मी कपाटावरून बिनमाथ्याची पट्टी काढली आणि त्या ओळीखाली एक जाड रेघ मारली.